दुर्बिणीने काढलेला पोटाचा कर्करोग पुन्हा कोठून येतो?

कर्करोगाचे नाव निघाले की आपल्या घराघरांतून दोनच उद्गार ऐकू येतात. एक म्हणजे "आता सगळे संपले" आणि दुसरा म्हणजे "काढून टाकला ना, मग सुटलो." पहिला भीतीपोटी निघतो, दुसरा सुटकेच्या भावनेतून. परंतु दोहोंचा परिणाम एकच होतो. माणूस पुढची चौकशी करणे सोडून देतो.

प्रस्तुत लेखात आम्ही दुसऱ्या उद्गाराचा विचार करणार आहोत. पोटाचा, म्हणजे जठराचा कर्करोग अगदी सुरुवातीला सापडला तर आज पोट न फाडता, तोंडातून दुर्बीण घालून तो काढता येतो. पोटावर टाका नाही, जठर जागच्या जागी राहते आणि रुग्ण थोड्या दिवसांत घरी येऊन वरणभात खाऊ लागतो. अशा बहुसंख्य रुग्णांना तो रोग पुन्हा कधी त्रास देत नाही. तथापि थोड्या रुग्णांत पुढे केव्हा तरी जठराजवळच्या गाठींत किंवा यकृतात रोग दिसून येतो. मग घरची मंडळी म्हणतात, "दुर्बीण घातली म्हणूनच पसरला. हात लावायलाच नको होता." ही समजूत बरोबर आहे काय? नसेल, तर काढून टाकलेला रोग पुन्हा आला कोठून? आणि कोणाच्या बाबतीत तो येऊ शकतो हे आधी सांगता येते काय?

आम्ही डॉक्टर नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. मात्र सहकाऱ्यांच्या वैद्यकीय बिलांचे कागद आमच्या टेबलावरून जातात. त्या कागदांतील शब्दांचा अर्थ विचारणारी माणसेही आमच्याच टेबलापाशी येतात. त्यामुळे हा विषय समजून घेणे आम्हांस भाग पडले. जे नीट समजले तेवढेच येथे सोप्या शब्दांत मांडीत आहोत. हा लेख औषधोपचाराचा सल्ला नव्हे. डॉक्टरांपुढे बसल्यावर काय विचारावे, एवढे जरी यातून वाचकांना कळले तरी आमचे काम झाले.

पोटाची भिंत : एक गोधडी

आपल्या आजीने शिवलेली गोधडी आठवा. वरून ती एकच दिसते, पण आत जुन्या लुगड्यांचे थरावर थर असतात. जठराची भिंत तशीच आहे. ती जेमतेम काही मिलिमीटर जाड असते, पण तिच्यात थर असतात. अन्नाला लागून असलेला सर्वांत आतला थर म्हणजे श्लेष्मल आवरण. पाचक रस याच थरातून पाझरतात आणि कर्करोगाची सुरुवातही याच थरात होते. त्याच्या तळाशी स्नायूंचा एक अगदी पातळ पडदा असतो. पडद्याखाली मऊ, सैलसर असा दुसरा थर असतो, त्याला आपण उपश्लेष्मल थर म्हणू. त्याखाली अन्न घुसळणारा जाड स्नायूंचा थर, आणि सर्वांत बाहेर एक पातळ वेष्टण.

या रचनेत एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. रक्तवाहिन्या आणि लसिका वाहिन्या सर्व थरांत सारख्या नसतात. लसिका म्हणजे शरीरातील पेशींभोवती साचणारा पाण्यासारखा द्रव. तो वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या वाटेत ठिकठिकाणी छोट्या गाठींतून जातात, त्या लसिका ग्रंथी. श्लेष्मल आवरणाच्या वरच्या भागात या वाहिन्या विरळ असतात, तळाशी वाढतात आणि उपश्लेष्मल थरात त्यांचे जाळेच असते. म्हणजे कर्करोग वरच्या थरात आहे तोवर तो गल्लीच्या टोकाला आहे. खालच्या थरात उतरला की तो हमरस्त्यावर आला असे समजावे.

'सुरुवातीचा' या शब्दाचा अर्थ

१९६२ साली जपानमधील तज्ज्ञांनी 'सुरुवातीचा जठर-कर्करोग' याची व्याख्या ठरविली. जो कर्करोग श्लेष्मल आवरण किंवा फार तर उपश्लेष्मल थर येथपर्यंतच उतरला आहे तो सुरुवातीचा. मग लसिका ग्रंथींत रोग पोचलेला असो वा नसो.

हे शेवटचे वाक्य वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे. आपण 'सुरुवातीचा' म्हणजे 'अजून न पसरलेला' असे धरून चालतो. वैद्यकशास्त्र मात्र हा शब्द केवळ खोलीवरून वापरते. सुरुवातीचा कर्करोग बहुधा पसरलेला नसतो हे खरे. पण 'बहुधा' आणि 'कधीच नाही' यांत फरक आहे. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या फरकातच दडलेले आहे.

हे तंत्र जपानमध्येच का वाढले

जठराचा कर्करोग जपान आणि कोरिया या देशांत फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यामुळे तो लवकर शोधण्याची खटपटही तेथेच अधिक झाली. १९५० साली तात्सुरो उजी या शल्यचिकित्सकाने ऑलिंपस कंपनीच्या तंत्रज्ञांसमवेत जठरात उतरविता येईल असा चिमुकला कॅमेरा तयार केला. पुढे अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ साली काचतंतूंची लवचीक दुर्बीण वापरून दाखविली. त्यानंतर पोटात डोकावणे हे रोजचे काम झाले. जपानमध्ये बेरियम पाजून क्ष-किरणांनी गावोगाव तपासण्या होऊ लागल्या. कोरियात १९९९ पासून राष्ट्रीय कर्करोग तपासणी मोहीम सुरू झाली आणि तिच्यात चाळिशीपुढील नागरिकांची जठराची तपासणी दर दोन वर्षांनी करण्याची सोय झाली. तक्रार नसलेल्या माणसांच्या पोटात अशा रीतीने पाहिले गेले, तेव्हा रोग लहान असतानाच हाती लागू लागला.

रोग लहान सापडू लागला तसा प्रश्न पडला, की नखाएवढ्या डागासाठी जवळजवळ सगळे जठर कापून काढावे काय? १९८४ च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी डागाखाली द्रव टोचून तो भाग फुगवायचा आणि तारेच्या फासाने कापून घ्यायचा, अशी पद्धत प्रसिद्ध केली. ही पद्धत लहान डागांना ठीक होती. डाग मोठा असेल तर तो तुकड्यातुकड्यांनी काढावा लागे आणि कडेला काही शिल्लक राहण्याचा धोका असे. म्हणून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील डॉक्टरांनी नवे हत्यार वापरात आणले. विजेवर चालणाऱ्या बारीक सुरीच्या टोकाला त्यांनी सिरॅमिकचा छोटा गोळा बसविला. गोळ्यातून वीज जात नाही, त्यामुळे सुरीचे टोक खोल रुतून जठराला भोक पडण्याची भीती कमी झाली.

आज हे काम असे चालते. प्रथम डागाच्या भोवती ठिपक्यांची खूण करतात. मग खालच्या सैल थरात द्रव टोचून डाग उचलून धरतात. खुणांच्या बाहेरून गोल चीर देतात आणि उपश्लेष्मल थरातून सुरी फिरवीत संपूर्ण डाग एकसंध सोलून काढतात. हापूसची साल एका तुकड्यात सोलावी तसे. वर्णन सोपे वाटले तरी हे फार कौशल्याचे व वेळखाऊ काम आहे. जखम भरून येण्यास साधारण दोन महिने लागतात. मधल्या काळात रक्तस्रावाचा धोका असल्याने आम्ल कमी करणारी औषधे देतात.

कोणाला हे चालते, कोणाला नाही

दुर्बिणीने फक्त जठराच्या आतील सालपट निघते. जठराबाहेरच्या लसिका ग्रंथी निघत नाहीत. मोठ्या शस्त्रक्रियेत जठराबरोबर या ग्रंथीही काढतात. या दोन उपचारांतील मूळ भेद हाच आहे. म्हणून दुर्बिणीचा उपचार त्यालाच योग्य, ज्याच्या ग्रंथींत रोग पोचलेला असण्याची शक्यता नगण्य आहे.

ही शक्यता ठरवायची कशी? येथे जपानी डॉक्टरांनी चांगल्या हिशेबनिसासारखे काम केले. ज्यांचे जठर आणि ग्रंथी पूर्वी मोठ्या शस्त्रक्रियेने काढल्या होत्या अशा सुरुवातीच्या कर्करोगाच्या ५,२६५ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. कोणाच्या ग्रंथींत रोग निघाला आणि कोणाच्या नाही, याचा ताळा घेतला. टोकियोतील दोन मोठ्या संस्थांतील हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. रोग वरच्या श्लेष्मल थरातच होता अशा ३,०१६ रुग्णांपैकी ६५ जणांच्या, म्हणजे शंभरांत साधारण दोघांच्या ग्रंथींत रोग होता. रोग उपश्लेष्मल थरात उतरलेल्या २,२४९ रुग्णांपैकी मात्र ४०२ जणांच्या, म्हणजे शंभरांत जवळजवळ अठरा जणांच्या ग्रंथींत तो पोचला होता. गल्ली आणि हमरस्ता यांतील फरक या दोन आकड्यांत उघड दिसतो.

त्याहून महत्त्वाचे पुढेच आहे. रोग वरच्या थरातच, पेशींची ठेवण मूळ ग्रंथींसारखी राखलेली आणि डाग तीन सेंटिमीटरपेक्षा लहान, असे १,२३० रुग्ण होते. त्यांच्यापैकी एकाच्याही ग्रंथींत रोग सापडला नाही. मूळ ठेवण राखणाऱ्या या प्रकारास डॉक्टर 'डिफरन्शिएटेड' म्हणतात. ज्यात पेशी विस्कळीत होऊन सुट्या सुट्या पसरतात तो 'अनडिफरन्शिएटेड', आणि तो अधिक कपटी. दुर्बिणीच्या उपचाराचे आजचे नियम बऱ्याच अंशी याच हिशेबावर उभे आहेत. डागाची खोली, पेशींची ठेवण, डागाचा आकार आणि डागात व्रण आहे की नाही, या चार गोष्टी त्यात पाहिल्या जातात.

नियमांत बसणाऱ्यांचा अनुभव काय आहे? काहीशा विस्तारित नियमांनुसार उपचार केलेल्या ४७० रुग्णांचा जपानमधील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी त्यांपैकी ९७ टक्के रुग्ण हयात होते. तेव्हा या उपचाराला कोणी कच्चा उपचार समजू नये.

मग रोग पसरतो कसा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काढून टाकल्यानंतर रोग दिसण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत, कारण प्रत्येकीवरचा उपाय निराळा आहे.

पहिली वाट म्हणजे कडेला शिल्लक राहिलेला रोग. डाग तुकड्यांनी काढला गेला किंवा कडेपर्यंत रोगाच्या पेशी होत्या, तर त्याच जागी तो पुन्हा उगवू शकतो. शेतातील हरळी उपटताना एक कांडे राहिले तर ती पुन्हा फुटते, तसेच हे. मात्र हा पसार नव्हे. वेळीच दिसला तर पुन्हा दुर्बिणीने किंवा शस्त्रक्रियेने काढता येतो.

दुसरी वाट लसिका ग्रंथींची, आणि आपल्या विषयाचे मर्म हिच्यातच आहे. दुर्बीण घालण्याच्या आधीच काही पेशी डागातून निसटून जठराजवळच्या ग्रंथीत जाऊन बसलेल्या असतात. त्या इतक्या थोड्या असतात की सीटी स्कॅनमध्ये ग्रंथी नेहमीच्याच आकाराची दिसते. डाग काढला, जखम भरली, पण ग्रंथीतील पेशी तेथेच राहिल्या. त्या सावकाश वाढतात आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी गाठ मोठी झाल्यावर दृष्टीस पडतात. रोग पुढे गेल्यास कधी कधी डाव्या गळपट्टीच्या हाडावर, मानेच्या बुडाशी गाठ हाताला लागते.

तिसरी वाट रक्ताची. जठरातले रक्त प्रथम यकृताकडे जाते. त्यामुळे रक्तवाहिनीत शिरलेल्या पेशी बहुधा यकृतात अडकतात आणि तेथे नवी गाठ धरतात. सुरुवातीच्या कर्करोगात हे क्वचित घडते, पण घडते.

चौथी वाट उदराच्या पोकळीची. सोलताना जठराला भोक पडले तर त्यातून पेशी बाहेर सांडून पोटभर पसरतील, अशी भीती पूर्वी डॉक्टरांनाही वाटे. असे भोक बहुतेक वेळा दुर्बिणीतूनच बारीक चिमटे लावून तेव्हाच बंद करतात. जपानमध्ये अशा रुग्णांवर पुढे लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा ही भीती बहुतांशी अनाठायी ठरली.

पाचवी गोष्ट म्हणजे नवा कर्करोग. याला कोणी पसार म्हणू नये. जठर जागेवर आहे, आणि ज्या जुनाट दाहामुळे पहिला डाग उगवला तो दाह उरलेल्या जठरातही आहे. त्यामुळे दुसऱ्या ठिकाणी स्वतंत्र डाग उगवू शकतो. एका वांग्यात कीड निघाली ती काढली, पण झाड तेच आहे. दुर्बिणीच्या उपचारानंतर पुन्हा कर्करोग निघतो तेव्हा तो पुष्कळदा अशा नव्या डागाचाच असतो.

"हात लावल्याने पसरतो" ही समजूत

आता वाचकांच्या ध्यानात आले असेल की दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेने गेलेला रोग सुरीने पसरविलेला नसतो. तो आधीच निघून गेलेला असतो. सुरी उशिरा पोचली एवढेच. बँकेत एखाद्या खात्यातून पैसे आधीच काढले गेलेले असतात आणि ते कळते मात्र ताळा घेताना. म्हणून पैसे ताळा घेतल्यामुळे गेले असे कोणी म्हणत नाही.

ही समजूत घातक आहे. तिच्यापायी लोक तुकडा तपासायलाही नकार देतात. "सुई टोचली की भडकतो, कात्री लागली की उठतो" असे म्हणत महिनोन्‌महिने काढ्यावर आणि अंगाऱ्यावर काढतात. तेवढ्या अवधीत अर्धा मिलिमीटर खोल असलेला रोग स्नायूंपर्यंत उतरतो आणि दुर्बिणीची संधी हातची जाते.

खरा निकाल कागदावर येतो

दुर्बिणीच्या उपचारात एक विशेष आहे. डाग किती खोल आहे याचा अंदाज आधी बांधतात, पण तो अंदाजच असतो. नक्की उत्तर डाग काढून तपासल्यावरच मिळते. म्हणजे काढणे हा उपचार आहे आणि तीच अंतिम तपासणीही आहे.

काढलेले सालपट पाटीवर टाचण्यांनी ताणून बसवितात, दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या कापतात आणि विकृतिशास्त्रज्ञ, ज्यांना आपण पॅथॉलॉजिस्ट म्हणतो, प्रत्येक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यांच्या अहवालात पाच गोष्टी असाव्या लागतात. डाग किती मोठा. बाजूची आणि तळाची कड मोकळी आहे काय. पेशींची ठेवण कशी. रोग किती खोल गेला, विशेषतः उपश्लेष्मल थरात अर्ध्या मिलिमीटरच्या आत की पलीकडे. आणि लसिका वाहिन्यांत वा रक्तवाहिन्यांत रोगाच्या पेशी शिरलेल्या दिसतात काय. अर्धा मिलिमीटर म्हणजे साध्या कागदाच्या पाच पानांची जाडी. तेवढ्या अंतरावर पुढचा निर्णय फिरतो.

सर्व गोष्टी अनुकूल असतील तर रुग्णाने मोठ्या शस्त्रक्रियेचा विचार सोडून फक्त नियमित तपासणी करावी असे ठरते. प्रतिकूल असतील तर डॉक्टर सांगतात, "आता शस्त्रक्रिया करून जठराचा भाग आणि ग्रंथी काढू." येथेच घरात गोंधळ उडतो. "दुर्बिणीने काढला म्हणाले, आता पुन्हा ऑपरेशन? पहिले काम बिघडले वाटते," असा संशय येतो. बहुतेक वेळा काम बिघडलेले नसते. आधी न दिसणारी गोष्ट आता दिसली, इतकेच.

अशा प्रतिकूल अहवालाच्या रुग्णांसाठी जपानी डॉक्टरांनी २०१७ साली गुण देण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. लसिका वाहिन्यांत शिरकाव असेल तर ३ गुण. डाग तीन सेंटिमीटरहून मोठा, तळाची कड रोगयुक्त, रक्तवाहिनीत शिरकाव, आणि खोली अर्धा मिलिमीटर वा अधिक, या प्रत्येकास १ गुण. एकूण ० किंवा १ गुण असेल तर ग्रंथींत रोग असण्याची शक्यता शंभरांत २.५. गुण २ ते ४ असल्यास ६.७. आणि ५ ते ७ असल्यास २२.७. एकट्या लसिका वाहिन्यांच्या शिरकावाला तीन गुण का, हे आता वेगळे सांगावयास नको. चोर रस्त्यावर दिसला आहे.

या आकड्यांचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो. पन्नाशीच्या धडधाकट माणसाला मोठे गुण मिळाले असतील तर त्याने भिऊन शस्त्रक्रिया टाळणे शहाणपणाचे नाही. शंभरांत बावीस हा धोका थोडा नाही, आणि ग्रंथींतला रोग वाढून दिसू लागला की तो बरा करणे अतिशय कठीण होते. उलट ऐंशीच्या घरातील, हृदयविकार असलेल्या आजोबांना एक गुण मिळाला असेल, तर शस्त्रक्रियेचाच धोका अधिक ठरू शकतो. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून, सीटी स्कॅन करीत लक्ष ठेवणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. त्याला हयगय म्हणू नये. मात्र हा निर्णय अहवाल वाचून झाला पाहिजे. अहवाल न वाचता झाला तर ती हयगयच.

पुढची चौकशी सोडू नये

सर्व काही अनुकूल निघाले तरी वर्षातून एकदा-दोनदा दुर्बिणीने जठर पाहून घ्यावे, असे जपानमधील मार्गदर्शक नियम सांगतात. वर सांगितलेला नवा डाग त्यामुळे लहान असतानाच सापडतो व पुन्हा दुर्बिणीनेच काढता येतो. काही रुग्णांना त्याबरोबर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करण्यास सांगतात.

दुसरे काम म्हणजे 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' या जंतूची तपासणी. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली हा जंतू ओळखला. मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतः पिऊन आपल्या जठराला दाह होतो हे दाखविले. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूची कर्करोगकारक म्हणून नोंद केली आणि २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू वर्षानुवर्षे जठरात राहून दाह करतो आणि त्यातून काहींना कर्करोग होतो. दोन आठवड्यांच्या आसपास घ्यावयाच्या प्रतिजैविकांनी तो घालविता येतो.

डाग काढल्यानंतर जंतू घालविला तर काय फरक पडतो? जपानमध्ये ५४४ रुग्णांचे दोन गट करून तीन वर्षे पाहिले गेले. जंतूवर औषध दिलेल्या गटात ९ जणांना आणि न दिलेल्या गटात २४ जणांना नवा कर्करोग झाला. हा अभ्यास २००८ सालचा. कोरियातील २०१८ च्या अभ्यासातही औषध घेतलेल्यांत हे प्रमाण ७.२ टक्के आणि न घेतलेल्यांत १३.४ टक्के निघाले. म्हणजे धोका निम्म्यावर येतो, पण शून्यावर येत नाही. म्हणून जंतू गेला तरी तपासणी सुटत नाही. तंबाखू, बिडी-सिगारेट आणि फार खारवलेले पदार्थ सोडावेत हे ओघानेच आले.

आपल्याकडची परिस्थिती

भारतात जठराचा कर्करोग सर्वत्र सारखा नाही. मिझोराममध्ये तो फार आहे, महाराष्ट्रात तुलनेने कमी. आपल्याकडे सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाचा समावेश आहे, जठराचा नाही. त्यामुळे आपल्याकडे हा रोग सहसा तक्रार सुरू झाल्यावर, म्हणजे उशिरा सापडतो. चाळिशीनंतर नव्याने सुरू झालेले अपचन, कारण नसताना घटणारे वजन, भूक मरणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्त कमी होणे, वारंवार उलट्या होणे, ही लक्षणे अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांखाली झाकू नयेत. गोळीने जळजळ थांबते, पण त्यामुळे खरा रोगही काही काळ झाकला जातो. पोटाची दुर्बीण-तपासणी काही मिनिटांची असते, तिला भिऊ नये.

आणखी एक गोष्ट आमच्या टेबलावरची. विम्याच्या किंवा बिलाच्या परताव्यासाठी मंडळी मूळ कागदांची फाइल देऊन टाकतात आणि स्वतःजवळ एक प्रतही ठेवीत नाहीत. पॅथॉलॉजीचा अहवाल तर रुग्ण घरी गेल्यानंतर काही दिवसांनी येतो. बिल भागले, माणूस बरा दिसतो, म्हणून तो आणायला कोणी जातच नाही. आम्ही अशा फाइली पाहिल्या आहेत, ज्यांत प्रत्येक औषधाची पावती आहे आणि नेमका तोच एक कागद नाही. हजारो रुपयांच्या खर्चाचा निकाल त्या कागदावर लिहिलेला असतो.

तेव्हा ज्यांच्या घरी असा उपचार झाला आहे किंवा होणार आहे त्यांनी एवढे करावे. पॅथॉलॉजीचा अहवाल आठवणीने आणावा, फाइल देण्यापूर्वी त्याच्या दोन झेरॉक्स काढाव्यात. डॉक्टरांना सरळ विचारावे : डाग एकसंध निघाला काय? कडा मोकळ्या आहेत काय? रोग किती खोल होता? वाहिन्यांत शिरलेला दिसला काय? जंतूची तपासणी झाली काय? पुढची दुर्बीण कोणत्या महिन्यात? शंका असल्यास तपासलेल्या काचपट्ट्या आणि मेणातील ठोकळे मागून घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेता येते. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

बंधू-भगिनींनो, लवकर सापडलेला जठराचा कर्करोग ही भिण्याची गोष्ट राहिलेली नाही, आणि विसरून जाण्याचीही नाही. डॉक्टरांनी डाग काढून त्यांचे काम केले. अहवाल आणणे, तो समजून घेणे आणि ठरलेल्या महिन्यात रुग्णाला तपासणीस घेऊन जाणे, हे काम घरच्यांचे आहे. घरातील दिनदर्शिकेवर त्या तारखेभोवती आजच एक वर्तुळ काढून ठेवावे.